नाथाच्या घोड्याचं पथ्य

"ह्याला खायला कोण घालतं?" मुलाणी डॉक्टरांनी विचारलं.

त्यांचे दोन्ही हात पाखऱ्याच्या मानेवर होते. आयाळीखाली चरबीचा जाड वळ आला होता, तो ते हलवून पाहत होते आणि तो हलत नव्हता. आण्णांनी आईकडं पाहिलं. आईनं माझ्याकडं पाहिलं. मी जमिनीकडं पाहिलं, कारण डॉक्टरांना साताऱ्याहून एवढ्या लांब मीच बोलावलं होतं आणि उत्तर सगळ्यांनाच ठाऊक होतं.

"गाव घालतं," आण्णा म्हणाले.

"गाव म्हणजे कोण?"

"गाव म्हंजे समदंच गाव. नाथाचा घोडा हाय, डॉक्टर. कुनाला न्हाई म्हनायचं?"

आमच्याकडं भैरवनाथाचं ठाणं आहे. आम्ही तिथले गुरव. देवाची पूजा आमच्या घराण्याकडं आणि देवाचा घोडाही आमच्याच गोठ्यात. ह्या घोड्यावर कुणी बसायचं नाही, पाठीवर ओझं टाकायचं नाही, गाडीला जुंपायचं तर नावच काढू नका. त्यानं वर्षातून एकदा, चैत्रातल्या यात्रेला, पालखीच्या पुढं गावाभोवती फेरी मारायची. घोडा पुढं निघाल्याशिवाय पालखी उचलायची नाही, असा रिवाज. बाकी सगळं वर्ष त्यानं खायचं. कुणाचं लग्न ठरलं, घोड्याला डाळ-गूळ. कुणाची म्हैस व्याली, घोड्याला डाळ-गूळ. पोरगा मॅट्रिक झाला तरी तेच आणि नापास झाला तरी तेच, कारण पुढच्या वर्षासाठी देवाला आठवण नको का? पाहुण्यांना आमच्या गावचे लोक मोठ्या दिमाखात सांगत, "आमच्या नाथाचा घोडा बघा. पाठीवर पाणी ओतलं तर ठरतंय." खरोखरच ठरायचं. पन्हळीसारखी पाठ झाली होती त्याची.

त्या वर्षी पौषात मी सुट्टीला घरी आले तेव्हा पाखऱ्या विचित्र उभा होता. पुढचे पाय पुढं ताणलेले, सगळा भार मागं. पाण्यापाशी न्यायला गेलं तर एक पाऊल टाकायचा आणि थांबायचा. आण्णा म्हणाले, थंडीनं धरलं असेल. गुरांच्या डॉक्टरांना दाखवलं, तर त्यांनी सरळ सांगितलं की मी गाई-म्हशींचा माणूस, घोड्याचं घोडेवाल्यालाच विचारा. मी तेव्हा साताऱ्याला डी.एड. करत होते. माझ्या खोलीतल्या नसीमचे मामा म्हणजे हे मुलाणी डॉक्टर. पुण्याकडं शर्यतीच्या घोड्यांच्या पागेत सगळी नोकरी केलेली, आता निवृत्त होऊन घरी बसलेले. नसीमला मध्ये घालून मी त्यांना एका रविवारी एसटीत घातलं.

डॉक्टरांनी खाली बसून पाखऱ्याच्या खुरावर तळहात ठेवला. मग माझा हात ओढून तिथं ठेवला.

"कसं लागतंय?"

"गरम."

"आता इथं. खुराच्या वर, मागच्या बाजूला, दोन बोटं."

बोटांखाली काहीतरी धडधडत होतं.

"चरबी अंगावर दिसते, पण आजार खुरात उतरतो," ते आण्णांना म्हणाले. "खुराच्या आत सूज येते. खूर काय फुगत नाही, म्हणून आतलं हाड खाली सरकायला लागतं. ते तळव्यातून बाहेर आलं, की मग माझ्याकडं एकच औषध उरतं. ते मी देवाच्या घोड्याला देणार नाही. त्याला तुम्ही दुसरा माणूस बघा."

आण्णांनी हात जोडले. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आता खरं सांगायचं," डॉक्टर तिच्याकडं वळले. "सकाळी काय देता, वहिनी?"

"कडबा."

"आणि?"

"वाईच डाळ."

"वाईच म्हणजे?"

आईनं ओंजळ करून दाखवली. डॉक्टरांनी ती ओंजळ नीट पाहिली.

"आणि गूळ?"

"गुळाबिगर डाळ कशी द्यायची, डॉक्टर? देवाचं हाय."

"संध्याकाळी?"

"संध्याकाळी कायबी न्हाई. निवदाची पोळी असली तर."

"निवद किती वेळा असतो?"

"असतोय की आपला. कुनाचा ना कुनाचा."

डॉक्टर हसले. "घोड्यांचं एक बरं असतं, ते खोटं बोलत नाहीत. मालकांचं तसं नसतं. ह्या घोड्याच्या फासळ्या कुठं आहेत ते मला सापडत नाहीत, वहिनी, आणि मी चाळीस वर्षं घोडेच चाचपले आहेत."

मग त्यांनी पथ्य सांगितलं. डाळ बंद, गूळ बंद, पोळी बंद, धान्याचा दाणा नाही. फक्त वाळलेलं गवत, तेही रोज ताणकाट्याला लावून, तासभर पाण्यात भिजवून आणि निथळून. भिजवलं की गवतातली साखर पाण्यात उतरते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. पायाखाली वाळूचा मऊ थर. खुरं कापायला आपल्या ओळखीचा नालबंद ते पाठवणार होते. खुराची धग गेली, की मग रोज चालवायचं.

"म्हंजे उपास," आई म्हणाली.

"उपास नाही. उपाशी ठेवलेला जाडा घोडा पटकन मरतो. अंगातली चरबी एकदम रक्तात येते. कमी द्यायचं, पण द्यायचं. आणि तुमचे उपास मला माहीत आहेत. एकादशी आणि दुप्पट खाशी. साबुदाणा, रताळी, शेंगदाण्याचा लाडू. तसलं काही ह्याच्यापुढं ठेवाल."

आई पहिल्यांदा हसली. पण डॉक्टरांनी पुढं जे सांगितलं त्यानं तिचं हसू गेलं. गोठ्याच्या दारातून येणारा-जाणारा प्रत्येकजण काहीतरी टाकणार, म्हणून त्याच्या तोंडाला मुसकं बांधायचं. गवत खायच्या वेळेला तेवढं सोडायचं.

"देवाच्या घोड्याला मुसकं?" ती म्हणाली. "खळ्यावरच्या बैलागत?"

"बैल कणसं खाऊन मरत नाही, वहिनी. हा मरेल."

डॉक्टरांनी सुतळी मागवली. ती पाखऱ्याच्या पुढच्या पायांच्या मागून छातीभोवती फिरवून, जिथं टोक सुतळीला भेटलं तिथं खुणेची गाठ मारली. "ही ठेवा. मी दोन आठवड्यांनी येतो. टोक गाठीच्या पुढं गेलेलं दिसलं पाहिजे."

मुसकं मी बांधलं. आण्णांचे हात पुढं होईनात आणि आई आत निघून गेली होती. पाखऱ्यानं मान खाली करून मला ते बांधू दिलं. सोळा-सतरा वर्षांचा घोडा होता, लहानपणी मी त्याच्या शेपटीचे केस उपटून भोवऱ्याला बांधले होते, तेव्हाही तो असाच उभा राहिला होता.

गाव मात्र वाटलं होतं त्यापेक्षा लवकर वळलं. आण्णांनी आरतीनंतर सगळ्यांना सांगितलं, की घोडा चैत्रापर्यंत उभा राहिला नाही तर पालखी हलणार नाही. एवढं पुरलं. ज्ञानू तात्या तेवढे म्हणाले की देवाला मुसकं बांधणारं गाव कधी सुखी झालेलं ऐकलं नाही. पण त्यांनीही आपली डाळ देवळातल्या डब्यात टाकली आणि ती पोरांना वाटली गेली. गोठ्यावर आईचं लक्ष होतंच. मी निर्धास्त होऊन साताऱ्याला गेले.

दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी तीच सुतळी पाखऱ्याच्या छातीभोवती फिरवली. टोक गाठीपर्यंत पोचलं नाही. मधे चार बोटं अंतर राहिलं.

डॉक्टर खाली बसले. त्यांनी खुरांवर हात ठेवला, उठले, धोतराला हात पुसावेत तसे पँटीला पुसले. "गुरवबुवा, मी वाद घालत नाही," ते म्हणाले. "ह्याला मारायचा असेल तर माझ्याशिवाय मारा." मी त्यांच्यामागं एसटीच्या थांब्यापर्यंत गेले. रस्ताभर ते एकच वाक्य बोलले. "घरातलंच कुणीतरी आहे, पोरी. बाहेरचा माणूस मुसकं सोडून परत इतकं नीट बांधत नाही."

मला आण्णांचा संशय आला. ते मऊ होते, पाखऱ्यानं मान खांद्यावर टेकली की विरघळणारे. त्या सोमवारी मी कॉलेजला गेले नाही. पोट दुखतंय म्हणून सांगितलं, आणि पहाटे आण्णा विहिरीवर जातो म्हणून बाहेर पडल्यावर त्यांच्यामागं गोठ्याकडं निघाले. आण्णा विहिरीवरच होते. गोठ्यात आई होती.

मुसकं सोडून तिनं खांद्यावर टाकलं होतं. पदराचा ओचा करून त्यात भिजवलेली डाळ आणि गुळाचे खडे घेतले होते, आणि पाखऱ्या तिच्या ओंजळीतून ओठांनी हळूहळू खात होता. ती त्याच्याशी बोलत नव्हती. ती काहीतरी मोजल्यासारखी पुटपुटत होती. एक ओंजळ संपली, तिनं दुसरी भरली. दुसरी संपली, तिसरी भरली.

"आई."

तिनं ओंजळ मिटली नाही. तिसरी संपेपर्यंत तशीच धरून ठेवली. मग माझ्याकडं वळली.

"तू झोपली हुतीस ना?"

"तू त्याला मारतेस. कळतंय का तुला? डॉक्टरांनी सांगितलं ते ऐकलंस ना?"

"ऐकलं."

"मग?"

"माझा नवस हाय."

"कसला नवस? आपल्या घरात आणखी काय मागायचं राहिलंय? सगळ्या गावाचं बंद केलं आणि तूच—"

"वराडू नगंस. आण्णा ऐकतील."

"ऐकू दे."

ती गोठ्याच्या उंबऱ्यावर बसली. पदर झटकला. चार-दोन डाळी खाली पडल्या, त्या तिनं वेचून बाजूला ठेवल्या. माझ्याआधी तिला दोन मुलं झाली होती आणि दोन्ही गेली होती, हे मला माहीत होतं. मी चार वर्षांची असताना मला मेंदूचा ताप आला होता, हेही माहीत होतं. आमच्याकडं त्या गोष्टी कुणी उगाळत नसे.

"तुला कोरेगावला न्हेलं हुतं," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, घरी न्या. घरी न्या म्हंजे काय ते मला दोनदा कळलं हुतं. मी हितं आले. ह्यो तवा शिंगरू हुता. मी त्येच्या पायापाशी बसले आनि नाथाला म्हनलं, ही एक ऱ्हाऊ दे. ही हाय तवर तुझ्या घोड्याला रोज माझ्या हातानं एक ओंजळ घालीन."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"जिच्यासाठी नवस तिला सांगायचा नसतोय. नजर लागती."

"पण एक ओंजळ. तू आत्ता तीन घातल्यास."

तिनं वेचलेल्या डाळी मुठीत झाकल्या. चोरी पकडली गेल्यावर माणूस जसा झाकतो तशा.

"तू शाळेला जाया लागलीस तवा रस्त्यावर म्हशी असायच्या. तवा एक वाढीवली. मग तू सातारला गेलीस. घाटात एसटी पडल्याली त्या साली, आठीवतंय? तवा आनि एक. संध्याकाळची येगळी. तू नोकरी धरशील, मग लगीन करशील, मला वाटलं तवा आनि—"

मी पाखऱ्याकडं पाहिलं. त्याचं पोट, मानेवरचा वळ, शेपटीच्या मुळाशी साचलेले ते दोन गोळे. गावानं घातलेलं त्यात होतंच, पण गाव सणावारी घालतं. रोजचं हे होतं. मी शाळेत सुखरूप पोचले त्याचं हे. मी घाट उतरले त्याचं हे. मी इतकी वर्षं जगले ती सगळी ह्या मुक्या जनावराच्या अंगावर चढत गेली होती, आणि त्याच्या पायांना आता ते पेलवत नव्हतं. मला किळस वाटली स्वतःची. मी काही केलं नव्हतं, तरी वाटली.

"आई, सोड आता. मी धडधाकट आहे. बघ ना माझ्याकडं."

"म्हून तर सोडवत न्हाई," ती म्हणाली.

मी आण्णांना सांगितलं. नवसाचं त्यांना ठाऊक होतं, ओंजळी वाढल्याचं नव्हतं. ते आईवर रागावले नाहीत. अंघोळीच्या ओल्या पंच्यासकट ओट्यावर बसले आणि म्हणाले, "मग ह्येनं दोघंबी मरनार. ह्यो खाऊन आनि ती न घालून."

वाट आईनंच काढली. "तुमी कौल लावा," ती आण्णांना म्हणाली. "नाथानं मला सोडलं, तर मी सोडते. मानसाच्या सांगन्यावर न्हाई सोडनार. मग त्यो पुन्याचा डॉक्टर का असंना."

आमच्याकडं कौल म्हणजे कळ्या लावणं. पाण्यात भिजवलेल्या दोन कळ्या गुरवानं देवाच्या छातीवर लावायच्या, एक उजवीकडं, एक डावीकडं. प्रश्न विचारायचा आणि वाट पाहायची. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. पंचक्रोशीतून लोक आण्णांकडं कौलाला येत, कारण आण्णांच्या हाताला खोट नव्हती. सख्ख्या भावाशी बांधावरून वाद होता तेव्हा त्यांनी स्वतः कळ्या लावल्या, डावी पडली, आणि त्यांनी बांध सोडून दिला. हे सगळा मुलूख सांगत असे.

रविवारी सकाळी पूजा झाल्यावर आण्णांनी गाभाऱ्यात कळ्या घेतल्या. आई उंबऱ्याच्या बाहेर हात जोडून उभी होती. मी आत समई धरून होते, म्हणून मला ते दिसलं. उजवीकडची कळी त्यांनी पाण्यात बुडवली, नुसती टेकवल्यासारखी लावली. डावीकडची उचलली तेव्हा त्यांचा हात सहाणेवर गेला. ओल्या गंधात कळीचा देठ त्यांनी फिरवला आणि अंगठ्यानं दाबून ती देवाच्या छातीवर बसवली. त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. मी समई हलू दिली नाही.

"नाथा," आण्णा म्हणाले, "लेकराच्या आईला नवसातनं मोकळी करतोस का?"

उजवी कळी लगेच पडली. इतकी लगेच, की मला लाज वाटली.

"सोडलं," आण्णा म्हणाले. "नाथानं तुला सोडलं."

आईनं उंबऱ्यावर डोकं टेकलं. बराच वेळ टेकलं. उठली तेव्हा एवढंच म्हणाली, "बरं झालं." आण्णा त्या दिवशी जेवले नाहीत. पुढच्या आठवड्यात त्यांनी गुडघ्याचं कारण काढून कौल लावायचं काम चुलतभावाकडं दिलं आणि परत कधी कळीला हात लावला नाही. मी मात्र खूश होते. माझ्या मनात आलं, देवाला हात नसतात, तो गुरवाचेच वापरतो. वीस वर्षांच्या पोरीला असलं काहीतरी सुचतंच.

डॉक्टरांना मी हातापाया पडून परत आणलं. ह्या वेळी गोठ्यात कुणी चोरून गेलं नाही. आईच गवत मोजायची, तीच भिजवायची, निथळायला टोपलीत घालायची. मुसकंही तीच बांधायची. नालबंद येऊन खुरं कापून गेला. माघ संपता संपता खुरांची धग गेली. आण्णा त्याला पहाटे ओढ्यापर्यंत चालवायला लागले, आधी चिंचेपर्यंत, मग पुलापर्यंत. मी शनिवारी घरी आले की आधी गोठ्यात जायची, चप्पलसुद्धा न काढता. डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणं हात सपाट ठेवून बरगडीवरून फिरवायची. आधी नुसती गादी लागायची. मग कधीतरी गादीखाली काठी असल्यासारखं लागलं. एका शनिवारी मी एकेक फासळी बोटांनी ओळखली आणि ओरडत घरात गेले. आई चुलीपुढं होती. "सापडल्या," मी म्हणाले. "बरं झालं," ती म्हणाली, आणि तिनं मला गरम भाकरी वाढली.

यात्रेला पाखऱ्या पालखीपुढं चालला. सगळी फेरी चालला. अंगावर झूल, कपाळावर गोंडा, आणि पाय असे उचलत होता की ज्ञानू तात्यासुद्धा म्हणाले, "नवा घोडा आनला काय रं?" मुलाणी डॉक्टर नसीमला घेऊन मुद्दाम आले होते. पालखी देवळात परत आल्यावर आण्णांनी भर मांडवात त्यांना मानाचा नारळ दिला आणि दोघंही ओशाळल्यासारखे हसले.

दुपारी जेवायला आमच्या ओट्यावर पंगत होती. डॉक्टर, नसीम, आण्णा आणि मी. पुरणपोळी, कटाची आमटी, कुरडया. आई वाढत होती. डॉक्टर थोडं जेवले आणि मग त्यांचा हात ताटात थांबला. ते आईकडं पाहत होते. ती वाकून माझ्या ताटात पोळी वाढत होती.

"वहिनी, तुम्हीपण बसा आमच्याबरोबर," ते म्हणाले.

"तुमचं होऊ द्या. मी मागनं बसते."

"मागनं म्हणजे कधी?"

"बसते की," ती म्हणाली आणि तूप आणायला आत गेली.

हात धुताना डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "घोडा बरा झाला, पोरी," ते हळूच म्हणाले. "पण तुमच्या घरात आणखी एक जीव आहे. त्याचं खाणं कोण बघतं?"

मला आधी कळलंच नाही. मग मी आत गेले.

सगळ्यांची जेवणं झाल्यावर आई एकटी जेवायला बसली होती. सणाच्या दिवशी तिच्या ताटात अर्धी भाकरी होती आणि मिठाची चिमूट. मी दारात उभी राहून तिच्याकडं पहिल्यांदा पाहिलं. बांगड्या कोपराकडं घसरल्या होत्या. चोळीच्या बाह्या लोंबत होत्या. गळ्याखालची हाडं वर आली होती. दर शनिवारी मी घोड्याच्या फासळ्या मोजत होते आणि ही मला भाकरी वाढत होती.

"पोळी का नाही घेतलीस?"

"नगं वाटतं."

"कधीपासनं नको वाटतं?"

तिनं भाकरीचा तुकडा मिठाला लावला.

"आई, कौल झाल्यापासनं?"

"दार लोट," ती म्हणाली. मी लोटलं.

"तुझ्या आण्णांनी डावी कळी गंधात फिरीवली," ती म्हणाली. "मला उंबऱ्यावरनं दिसलं. तुलाबी दिसलं."

"मग तू तेव्हाच का नाही बोललीस?"

"काय बोलू? जन्मात पयल्यांदा त्यांनी देवाला फशीवलं. तेबी माझ्यासाठी. त्यांना खोटं पाडू व्हय?" तिनं घास गिळला. "पर नाथानं मला सोडलं न्हवतं. तवा घोड्याला द्यायचं न्हाई, तर मग कुठनं तरी निघाया पायजे ना? त्येचं त्येला. म्हून मी माझ्यातलं काढते. सकाळच्या तीन, संध्याकाळची एक. तेवढं माझ्या ताटात येत न्हाई."

"उपाशी ठेवलं तर जीव जातो असं डॉक्टर म्हणाले होते."

"घोड्याचं म्हनले हुते."

मी तिच्यासमोर बसले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, देवाचा, आण्णांच्या अंगठ्याचा, आणि सगळ्यात जास्त माझ्या स्वतःच्या धडधाकट अंगाचा. मी तिचा हात धरला. तो मुठीत सगळा मावला.

"हे कधीपर्यंत करणार आहेस?"

मी काहीतरी खुळ्यासारखं विचारल्यागत तिनं माझ्याकडं पाहिलं.

"तू हाईस तवर," ती म्हणाली.

बाहेरून डॉक्टरांचा आवाज आला. निघायची वेळ झाली होती, त्यांना मला काहीतरी सांगायचं असावं. "काय गं," त्यांनी हाक मारून विचारलं, "तू जेवलीस ना पोटभर?"

मी जेवले होते. तीन पोळ्या खाल्ल्या होत्या, वर तूप घेऊन. दोन मी मागून घेतल्या होत्या. तिसरी मी नको नको म्हणत असताना तिनं वाढली होती, आणि मी संपेपर्यंत ती माझ्यासमोर उभी होती.